कार्लकाकांची सही

फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला आणि आपणही असं काहीतरी करावं हे त्यांच्या मनाने घेतलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. आमच्या घरी ती जरा जास्तच अभिमानाने सांगितली जाते, सिनेमा ख्रिस्ताचा होता ना! पण मला ती ऐकताना दर वेळी एक साधा प्रश्न पडायचा. परदेशात तयार झालेलं ते रीळ मुंबईपर्यंत आणलं कोणी? कुणीतरी ते विकत घेतलं असणार, डब्यात भरून बोटीवर चढवलं असणार, थिएटरवाल्याशी भाड्याची बोलणी केली असणार. ह्या धंद्यातल्या माणसाला आपण वितरक म्हणतो. दिग्दर्शकांची चरित्रं निघतात, नटनट्यांची तर निघतातच. वितरकाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा आपण अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असतो.

म्हणून ह्या अंकासाठी मी एका वितरकाचं आयुष्य लिहायला घेतलं. कार्ल लेम्ली. जर्मनीतून सतराव्या वर्षी अमेरिकेला गेलेला ज्यू मुलगा, पुढे युनिव्हर्सल ह्या कंपनीचा मालक. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन ही भुतं पडद्यावर घरोघरच्या ओळखीची झाली ती ह्याच कंपनीमुळे. पण त्यांच्या हयातीत हॉलिवूड त्यांना हसायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. ह्या माणसाने स्टुडिओत आपला सगळा गोतावळा भरून ठेवला होता. स्टुडिओत सगळे त्यांना अंकल कार्ल म्हणत, आणि त्यातले बरेच जण खरोखरच नात्यातले होते. हा गोतावळा पुढे महत्त्वाचा आहे, तेवढा लक्षात ठेवा.

कार्लचा जन्म 17 जानेवारी 1867 चा, दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेमबर्ग राज्यात लाउपहाइम नावाच्या छोट्या गावातला. गावात ज्यूंची जुनी वस्ती होती. वडील गुरांचे आणि जमिनीचे व्यवहार करत. तेरा भावंडांतला हा दहावा. त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोराला परगावी एका वह्या-कागदाच्या दुकानात उमेदवारीला ठेवलं. तिथे झाडलोटीपासून खतावणीपर्यंत सगळं तो शिकला. अमेरिकेचं वेड डोक्यात होतंच, पण आई असेपर्यंत देश सोडणार नाही असं त्याने कबूल केलं होतं म्हणतात. 1883 मध्ये आई वारली. पुढच्याच वर्षी वडिलांनी बोटीचं तिकीट काढून दिलं आणि नेकर नावाच्या आगबोटीने तो न्यूयॉर्कला उतरला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. मोठा भाऊ योसेफ आधीच शिकागोत होता, तो एक आधार.

आमच्याकडच्या कॅथलिक घरांत एक तरी माणूस बोटीवर किंवा गल्फात असतोच. त्यामुळे हे चित्र मला परकं वाटत नाही. आधी एक जण जातो, त्याच्या पत्त्यावर दुसरा, मग दुसऱ्याच्या खोलीत तिसरा. पहिल्या माणसाने बोलावलं नाही तर मागच्यांचं काही खरं नसतं. कार्ल लेम्ली हा असा बोलावला गेलेला माणूस होता, आणि हे तो कधी विसरला नाही.

पुढची वीस-बावीस वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत फारसं काही घडलं नाही. औषधाच्या दुकानात सांगकाम्या, साउथ डकोटात शेतावर मजुरी, शिकागोत हिशेबनीस. 1894 पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात आधी हिशेब, मग व्यवस्थापक. मालकाची पुतणी रेशा हिच्याशी 1898 मध्ये लग्न झालं. दुकानाच्या जाहिराती लेम्ली स्वतः जुळवायचे आणि त्यासाठी शिकागोच्या एका जाहिरात कंपनीतल्या रॉबर्ट कॉक्रन ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. बारा वर्षं झाल्यावर मालकाशी पैशावरून बिनसलं आणि नोकरी गेली. वय 39, पदरात बायको आणि लहान मुलगी, हातात थोडी शिल्लक. आपल्याकडे ह्या वयात नोकरी गेली तर लोक सांत्वनाला येतात. कॉक्रन ह्यांनी मात्र सल्ला दिला की आता कुणाची चाकरी करू नका, स्वतःचं काहीतरी काढा.

लेम्लींचा विचार स्वस्त वस्तूंचं दुकान काढायचा होता. जागा शोधत शिकागोत फिरताना त्यांना एका गाळ्यासमोर रांग दिसली. आत पाच सेंटांत हलती चित्रं दाखवत होते. ते बाहेर उभे राहून माणसं मोजत बसले, अगदी पक्क्या हिशेबनिसासारखे. उधारी नाही, माल शिल्लक राहत नाही, गिऱ्हाईक पैसे आधी देतं आणि हात हलवत घरी जातं. फेब्रुवारी 1906 मध्ये मिलवॉकी ॲव्हेन्यूवर त्यांचं पहिलं थिएटर उघडलं. दर्शनी भाग पांढरा रंगवलेला म्हणून नाव व्हाइट फ्रंट. आजूबाजूची वस्ती बाहेरून आलेल्या कामगारांची. मूकपटाला भाषा लागत नाही, त्यामुळे तिथला प्रेक्षक आपोआप बसला.

आता इथे धंद्याची गोम समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची मारामारी कळणार नाही. सुरुवातीला सिनेमा फुटावर विकला जायचा, कापडासारखा. एक रीळ साधारण 1000 फूट, फुटाला दहा-बारा सेंट. म्हणजे पंधराएक मिनिटांच्या खेळासाठी शंभर डॉलर. पाच सेंटांच्या तिकिटावर तेवढे वसूल करायला दोन हजार माणसं यायला हवीत, आणि तोवर मोहल्ल्यातल्या सगळ्यांचा तो सिनेमा बघून झालेला. ह्यावर तोडगा म्हणून फिल्म भाड्याने देणाऱ्या पेढ्या निघाल्या. त्या रीळ विकत घेत आणि ह्या थिएटरकडून त्या थिएटरकडे फिरवत. वितरण म्हणजे मुळात हेच. पण पेढ्यांचा कारभार ढिसाळ. रीळ वेळेवर येत नसे, आलं तर घासलेलं, तुटलेलं. लेम्ली वैतागले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली. वेळेवर चांगला माल एवढंच भांडवल. तीन वर्षांत ते अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या वितरकांत गणले जाऊ लागले.

तेवढ्यात वर फळी बांधली गेली. थॉमस एडिसन आणि बायोग्राफ, व्हायटाग्राफ, पाथे अशा कंपन्यांनी डिसेंबर 1908 मध्ये आपापली पेटंटं एकत्र करून एक संघ केला. लोक त्याला नुसतं ट्रस्ट म्हणत. कॅमेरा त्यांच्या पेटंटचा, प्रोजेक्टर त्यांच्या पेटंटचा, कच्च्या फिल्मसाठी ईस्टमन कोडॅकशी त्यांचाच करार. थिएटरवाल्याने दर आठवड्याला दोन डॉलर भरायचे आणि संघातल्यांचेच सिनेमे लावायचे. मशीन स्वतःचं असलं तरी पट्टी द्यायचीच. लेम्लींनी काही महिने हे सोसलं आणि एप्रिल 1909 मध्ये बाहेर पडले. पण बाहेर पडल्यावर माल कुठून आणणार? संघातला कोणीच विकणार नव्हता. मग त्यांनी स्वतःच सिनेमे काढायला घेतले. आयएमपी नावाची कंपनी, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ‘हायावाथा’ हा एका रिळाचा पहिला सिनेमा. हा माणूस निर्माता झाला तो असा, गोदाम रिकामं पडू नये म्हणून. कलेची हाक वगैरे काही नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

ट्रस्टने त्यांच्यावर खटल्यांमागून खटले घातले. ही संख्या 289 अशी सांगितली जाते. उंचीने पाच फुटांच्या जेमतेम वर असलेला, जर्मन हेल काढून इंग्रजी बोलणारा हा गृहस्थ कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. कॉक्रन आता भागीदार झाले होते. त्यांनी धंद्याच्या मासिकांत ट्रस्टची टर उडवणाऱ्या व्यंगचित्रांच्या जाहिराती सुरू केल्या. वादातला एक मुद्दा तर प्रोजेक्टरमध्ये फिल्मला जो छोटासा सैल वळसा दिलेला असतो, त्याच्या पेटंटचा होता. तो वळसा नसला तर फिल्म ताण येऊन तुटते. 1912 मध्ये कोर्टाने ह्या मुद्द्यावर लेम्लींच्या बाजूने निकाल दिला. 1915 मध्ये ट्रस्टच बेकायदा ठरला. 1917 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की मशीनचं पेटंट हातात आहे म्हणून त्यावर कुठली फिल्म लावायची हे पेटंटवाला ठरवू शकत नाही. त्या खटल्याच्या नावात एका बाजूला ट्रस्ट आहे आणि दुसऱ्या बाजूला लेम्लींची युनिव्हर्सल.

ह्या लढाईत ते काही साधुसंत नव्हते. तेव्हा नटांची नावं जाहीर करायची पद्धत नव्हती. पगार वाढवून मागतील ही भीती. लेम्लींनी बायोग्राफकडची लोकप्रिय नटी फ्लोरेन्स लॉरेन्स जास्त पैसे देऊन ओढली. मग सेंट लुई शहरात ती अपघातात मेल्याची आवई उठली आणि मार्च 1910 मध्ये लेम्लींनी झळकवलेल्या जाहिरातीत ही शत्रूंनी पसरवलेली थाप असल्याचं जाहीर केलं. थाप मुळात कुणाची, ह्याविषयी अभ्यासकांचा संशय खुद्द लेम्लींवरच आहे. पुढे लॉरेन्स जातीने सेंट लुईला आली तेव्हा लोकांची झुंबड उडाली. आज इन्स्टावर जे चालतं त्याची आजीच म्हणायची.

1912 च्या उन्हाळ्यात संघाबाहेरच्या पाच-सहा कंपन्या एकत्र आल्या आणि युनिव्हर्सल जन्मली. खिडकीतून रस्त्यावरच्या पाइप-फिटिंगच्या गाडीवर हे नाव दिसलं म्हणून तेच ठेवलं अशी कथा आहे. खरी असो नसो, हिशेबनिसाला शोभणारी आहे. 15 मार्च 1915 ला लॉस एंजेलिसजवळ कोंबड्यांच्या फार्मच्या 230 एकर जागेवर युनिव्हर्सल सिटी उघडली. पंचवीस सेंट भरून कुणीही आत यावं आणि बाकावर बसून शूटिंग बघावं. फार्मवरची अंडीही विकली जात! त्या काळात तिथे बायका दिग्दर्शन करत होत्या, एखाददुसरी नव्हे, दहाएक जणी. लोईस वेबर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. आपल्या सिनेमाच्या इतिहासाच्या तासाला हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मोठ्या शहरांतली भपकेदार थिएटरं दुसऱ्या कंपन्यांनी विकत घेतली. लेम्लींनी तसं फारसं केलं नाही. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे छोट्या गावचा एकटा थिएटरवाला. त्याला आठवडाभराचा पूर्ण फराळ लागतो: एक मारधाडीचा सिनेमा, एक प्रहसन, एक बातमीपट आणि पुढच्या आठवड्यात माणूस परत यावा म्हणून ऐन मोक्यावर थांबणारी मालिका. युनिव्हर्सल हे सगळं एकगठ्ठा पुरवायची. हाच माल बाहेरच्या देशांतही खपला. 1916 मध्ये युनिव्हर्सलने हिंदुस्थानात एजन्सी उघडली. हॉलिवूडच्या कंपन्यांतली ही इथली पहिली.

1919 च्या सुरुवातीला फ्लूच्या साथीत रेशा गेली. लेम्लींनी पुन्हा लग्न केलं नाही. मुलगी रोझाबेल, मुलगा ज्युलियस, आणि बाकी सगळा वेळ कंपनी, पत्ते आणि घोड्यांच्या शर्यती. ह्याच सुमारास त्यांनी आयर्व्हिंग थॅलबर्ग नावाच्या विशी गाठलेल्या सेक्रेटरीवर अख्खा स्टुडिओ सोपवला. त्या पोराच्या कारकिर्दीत लॉन चेनीचा ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ झाला, आणि मग तो जास्त पैशांसाठी दुसरीकडे गेला. परक्या माणसाचं हे असं होतं, असं लेम्लींच्या मनात आलं असेल का? कारण 1929 मध्ये त्यांनी मुलाला एकविसाव्या वाढदिवसाला स्टुडिओच भेट दिला. मी आज त्याच वयाची आहे. घरच्यांनी मला अजून स्कूटरची किल्ली मोकळेपणाने दिलेली नाही.

मुलाने बापाचं नाव लावून घेतलं होतं, कार्ल लेम्ली ज्युनिअर. लोक टपून बसले होते की हा कधी आपटतो. त्याने रेमार्कच्या कादंबरीवर ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घरी आणलं. कादंबरीचे हक्क मिळवायला थोरले लेम्ली स्वतः जर्मनीला गेले होते. पुढच्याच वर्षी ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’. मंदीच्या दिवसांत ह्या भुतांनी कंपनी तगवली.

जर्मनीशी त्यांचं नातं मोठं विचित्र होतं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीने कैसरला राक्षस दाखवणारा सिनेमा काढला, त्याचा राग तिकडे बराच काळ होता. पण युद्ध संपताच त्यांनी लाउपहाइमला पैसे, अन्न, कपडे पाठवले. ते जवळजवळ दर उन्हाळ्यात गावी जात. गावाने त्यांना मानद नागरिक केलं, एका रस्त्याला नाव दिलं. आणि आता डिसेंबर 1930 मध्ये बर्लिनला जर्मन सैनिकांची होरपळ दाखवणारा हा सिनेमा लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाणेरड्या वासाच्या कुप्या फोडल्या. आठवड्याच्या आत सिनेमावर बंदी आली.

इथे मला लेम्ली खटकतात. बंदी उठावी म्हणून कंपनीने कापलेली प्रत द्यायचं कबूल केलं आणि जर्मनीबाहेरही तीच कापलेली प्रत दाखवण्याचं मान्य केलं. ट्रस्टपुढे न वाकलेला माणूस इथे वाकला. जर्मन बाजार मोठा होता, हे त्याचं एक कारण. आपल्या गावच्या लोकांशी वाकडं नको हे दुसरं असावं. पण हेही सांगायला हवं की हिटलर सत्तेवर येण्याच्या वर्षभर आधीच, 1932 मध्ये, त्यांनी वृत्तपत्रांचे सम्राट हर्स्ट ह्यांना पत्र लिहून ज्यूंवर येणाऱ्या संकटाचा इशारा दिला होता. 1933 मध्ये नाझी आले आणि लाउपहाइममधली त्यांच्या नावाची पाटी उतरली.

इकडे कंपनी बुडत चालली होती. ज्युनिअरचा हात सढळ, आणि पगारपत्रकावर नातेवाईकांची रांग. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, गावाकडून आलेली कुणाची पोरं. सत्तरेक जण होते असं सांगतात. त्यातला एक मात्र हिरा निघाला. नात्यातल्या बहिणीचा मुलगा विल्यम वायलर, 1920 मध्ये लेम्लींनीच अमेरिकेला आणलेला, पुढे ‘बेन हर’चा दिग्दर्शक झाला. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं. 1935 मध्ये ‘शो बोट’ पुरा करायला साडेसात लाख डॉलर कर्ज काढावं लागलं. धनकोने अट घातली की ठरलेल्या मुदतीत वाटलं तर कंपनीच विकत घेण्याचा हक्क आमचा. 1936 च्या वसंतात त्याने तो हक्क बजावला. ‘शो बोट’ लागला आणि धो धो चालला, पण तोवर बापलेक बाहेर होते. गोतावळ्याच्या मायेने माणूस घरादारावर कसं पाणी सोडतो ह्याचं उदाहरण म्हणून त्यांचे टीकाकार ही गोष्ट सांगतात. सत्तर नातेवाइकांचा हिशेब त्यांना कळत नव्हता असं मला वाटत नाही. थिएटरबाहेर माणसं मोजणारा तो माणूस होता.

आता ते 69 वर्षांचे, रिकामे आणि अजूनही श्रीमंत होते. जर्मनीतून पत्रं येऊ लागली होती. ज्यूंना देश सोडायचा होता, पण अमेरिकेचा व्हिसा मिळायला तिथल्या कुणीतरी शपथपत्र द्यावं लागे: ह्या माणसाला मी ओळखतो, हा सरकारवर भार होणार नाही, तसं झालंच तर पोसण्याची जबाबदारी माझी. मंदी सुरू होती, नियम कडक होते, आणि स्टुटगार्टच्या वकिलातीत कागद बारकाईने तपासले जात. लेम्लींनी आधी नातेवाइकांसाठी सह्या केल्या. मग लाउपहाइमच्या लोकांसाठी. मग लाउपहाइमच्या लोकांच्या नातेवाइकांसाठी, आणि शेवटी ज्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं अशांसाठी. पगारपत्रकाची सवय इथेही सुटली नाही. सहीवर आलेल्यांना काम मिळेल का, राहायला जागा मिळेल का, हेही ते बघत.

सह्या इतक्या झाल्या की वकिलातीला शंका येऊ लागली. एक म्हातारा इतक्यांना पोसणार कसा, आणि हा मेला तर जबाबदारी कुणाची? त्यांची शपथपत्रं नाकारली जाऊ लागली. तेव्हा 1938 मध्ये त्यांनी थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल ह्यांच्याकडे दाद मागितली आणि आपल्या ऐपतीची खात्री पटवण्याचा प्रयत्न केला. ओळखीच्या श्रीमंतांनाही ते सह्या करायला गळ घालत. काहींनी केल्या, बरेच जण टाळत राहिले. त्यांच्या सहीवर अमेरिकेला पोचलेल्यांचा आकडा तीनशेच्या वर आहे.

आमच्या भागात व्हिसासाठी कुणाची सही मागायला गेलेल्या माणसाला आधी चहा मिळतो, मग विचार करून सांगतो असं उत्तर मिळतं. सख्ख्या पुतण्यासाठीसुद्धा लोक दहादा विचार करतात. त्यामुळे अनोळखी माणसाच्या पोटापाण्याची हमी शपथेवर घेणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

1 सप्टेंबर 1939 ला युद्ध सुरू झालं. 24 सप्टेंबरला बेव्हर्ली हिल्सच्या घरी लेम्लींचं हृदयविकाराने निधन झालं, वय 72. ज्युनिअरने त्यांच्यानंतर एकही सिनेमा काढला नाही. तो बरोबर चाळीस वर्षांनी, 24 सप्टेंबर 1979 ला गेला. लाउपहाइममध्ये मागे राहिलेल्या ज्यूंना 1941 आणि 1942 मध्ये पूर्वेकडे नेण्यात आलं आणि गावातली ती जुनी वस्ती संपली. त्या गावच्या किल्ल्यात आता ज्यूंच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, त्यात लेम्लींचं दालन आहे, आणि गावच्या हायस्कुलाला त्यांचं नाव दिलेलं आहे.